जागेपणी कोण घोरतं?

मी एक जुना पग आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच हात जोडून, म्हणजे पंजे जोडून सांगतो, हसू नका. माझ्याकडे पाहिलं की हसू येतं हे मला ठाऊक आहे. कपाळावर आठ्याच आठ्या, डोळे खोबणीबाहेर आलेले, तोंड कोळशात बुडवून काढल्यासारखं काळं, आणि शेपूट अशी वळलेली की कोणीतरी गाठ मारून सोडायची विसरलं असावं. पण मी आयुष्यभर लोकांना हसवलं, आणि त्यापायी माझं एकही म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही. आज तुम्ही तरी घ्या.

माझा जन्म एका घराच्या मागच्या खोलीत झाला. भिंतीला लागून जाळीचे कप्पे होते आणि एका कप्प्यात आम्ही भावंडं आईला बिलगून पडलेलो असायचो. तिथला माणूस पगची पिल्लं विकायचा. आमची डोकी इतकी मोठी होती की आईला आम्हांला जन्म देता येईना. शेवटी तिचं पोट फाडून आम्हांला बाहेर काढलं. हे मला पुष्कळ पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळायचं की आईच्या कुशीत सतत काहीतरी गडगडतं. ती श्वास घ्यायची आणि आमच्या अंगाखालची फरशी थरथरायची. आम्हांला वाटायचं, आई म्हणजे हा आवाजच. जगात दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं श्वास घेता येतो याची आम्हांला गंधवार्ता नव्हती. गंध यायला तरी नाक हवं ना!

आमच्यातल्या एका भावाला बऱ्यापैकी नाक होतं. तो कप्प्यात उड्या मारायचा, झोपला की गप्प झोपायचा. विकणारा त्याला 'बिघडलेला' म्हणायचा. मला मात्र तळहातावर उभं करून तो गिऱ्हाइकांना दाखवायचा. "हे बघा. बाजूनं बघितलं तर नाक आहे की नाही तेच कळत नाही. असा पीस पुन्हा मिळणार नाही."

एक उंच माणूस आपल्या मुलीला घेऊन आला होता. त्यानं मला बाजूनं बघितलं, समोरून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. तो फोटोग्राफर होता. "काय चेहरा आहे!" तो म्हणाला. "हा फोटोसाठीच जन्माला आलाय."

अशा रीतीनं, ज्या वैगुण्यानं माझा जन्मभर छळ केला, त्याच वैगुण्यासाठी माझी निवड झाली. निवड झाली म्हणून मी शेपूटही हलवली. मूर्ख होतो.

त्या फोटोग्राफरला मी मुलीसारखंच बाबा म्हणू लागलो. म्हणजे मनातल्या मनात. त्यांचा स्टुडिओ खाली होता, घर वर होतं आणि मध्ये एक वळणाचा लाकडी जिना होता. घरात बाबा, आई आणि त्यांची मुलगी, जिला सगळे बारकी म्हणत. आई एका दातांच्या दवाखान्यात बसायची, आत कोणाला कधी सोडायचं ते बघायची. पहिल्याच दुपारी मी पायपुसण्यावर झोपलो आणि घरभर आवाज घुमला. तिघंही धावत आली. बाबा पोट धरून हसले. "अगं, हा तर घोरोबा आहे!"

झालं. बारसं उरकलं. तुम्हांला तुमच्या आजारावरून कोणी हाक मारली तर कसं वाटेल? खोकणाऱ्या मुलाला कोणी खोकोबा म्हणतं का? पण मी कुत्रा, आणि तोही असा. मी घोरोबा झालो.

आमचं कूळ मात्र फार थोर आहे. बारकीला शाळेत प्राण्यावर माहिती सांगायची होती, तेव्हा तिनं खुर्चीवर उभं राहून ती आम्हां सगळ्यांना वाचून दाखवली. आमचे पूर्वज म्हणे शेकडो वर्षांपूर्वी चीनच्या राजवाड्यांत राहायचे. त्यांना शिकार नको, राखण नको, ओझं ओढणं नको. राजाच्या मांडीवर बसायचं आणि त्याला सोबत करायची, एवढंच काम. कपाळावरच्या आठ्यांत तिथल्या लिपीतलं 'राजा' या अर्थाचं अक्षर दिसतं म्हणून त्यांचं कौतुक व्हायचं. पुढे व्यापाऱ्यांच्या जहाजांत बसून ते युरोपात गेले आणि तिथल्या राण्यांच्या गाद्यांवर जाऊन बसले. मांडी बदलली, काम तेच.

मग बारकीनं दोन चित्रं शेजारीशेजारी धरली. एकात दोनअडीचशे वर्षांपूर्वीचा पग होता, दुसऱ्यात आताचा. तिनं भुवया उंचावल्या. "बाबा, ह्याला नाक होतं की! आणि पाय पण लांब होते."

"मग झिजलं असेल," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले.

झिजलं नाही, मित्रांनो. माणसांनी ते घालवलं. ज्याचं तोंड जास्त चपटं त्याचीच पिल्लं हवीत, असं पिढ्यान्‌पिढ्या करत करत आमचं नाक आत आत ढकललं. नाकाची बाहेरची जागा गेली, पण आतला पडदा, जीभ, टाळू, सगळं पहिल्याएवढंच राहिलं. मोठ्या घरातलं सामान एका खोलीत कोंबलं की माणसाला वाट काढायला जागा उरत नाही. माझ्या घशात श्वासाची तीच गत होती.

स्वभावाचं म्हणाल तर आम्ही सावलीपेक्षा चिकट. सावली निदान अंधारात तरी सोडून जाते. आई स्वयंपाकघरात गेली की मी स्वयंपाकघरात, बाबा अंघोळीला गेले की मी बाहेर दाराशी. राखणीच्या नावानं शून्य. चोर आला तर मी त्याच्याही मांडीवर बसेन. हट्टी आहे, हे कबूल. खादाड आहे, हेही कबूल. भुंकायचा कंटाळा. आणि घरात एक जरी माणूस रुसलेलं असलं तरी मला घास गोड लागत नाही. खातो, पण गोड लागत नाही.

या स्वभावामुळे स्टुडिओत माझी नेमणूक झाली. लहान मुलं फोटोला बसली की भोकाड पसरतात. बाबा खुळखुळा वाजवून दमायचे. मग ते हाक मारायचे, "घोरोबा, जागेवर!" मी कॅमेऱ्याच्या पायाशी जाऊन बसायचो, मान वाकडी करायचो, आणि माझ्या घशातून घुर्रर्र असा आवाज निघायचा. रडणारं मूल थबकायचं, डोळे मोठे करायचं आणि खुदकन हसायचं. खटॅक! फोटो निघाला. किती बाळांचं पहिलं हसू माझ्या नावावर जमा आहे म्हणून सांगू! स्टुडिओच्या पाटीवर माझा फोटो लागला. लोक गल्लीच्या टोकावरून विचारत यायचे, "ते कुत्र्याचं दुकान कुठाय हो?" बाबांना राग यायचा आणि आनंदही व्हायचा.

मी कामचुकार नव्हतो. पण कोणीतरी एकदा तरी विचारायचं, की बाबा रे, हा आवाज तू काढतोस कुठून? तो मी काढत नव्हतो. तो माझ्यातून निघत होता. आत जाणारी हवा चिंचोळ्या फटीतून रडतखडत जायची, त्याचा तो आवाज होता.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. आडवं झोपलं की घसा बंद व्हायचा आणि मी दचकून उठायचो. मग मी युक्ती काढली. बसूनच झोपायचं, हनुवटी टेबलाच्या खालच्या फळीवर टेकवायची, म्हणजे मान वर राहते आणि थोडी हवा येते. पण फळीवरून हनुवटी घसरली की मी धाडकन पडायचो. घरच्यांनी त्याचे व्हिडिओ काढले. "बसल्याबसल्या झोपतो! ढिम्म आहे नुसता." शेजारपाजारी ते एकमेकांना दाखवायचे. फिरायला नेलं की मी थोडं चालून जमिनीवर पोट टेकून पसरायचो. का? तर पुढचं पाऊल टाकायला श्वासच नसायचा. लोक म्हणायचे, "आळशी! राजाचा वंशज ना!" जेवून उलटी झाली की "हावरट". जिन्यात मधेच थांबलो की "नखरे". माझ्या प्रत्येक दुखण्याला माणसांनी एकेका दुर्गुणाचं नाव देऊन ठेवलं होतं. सांगायचं कोणाला? आणि कशानं? ज्या घशातून सांगायचं, तोच तर बिघडला होता.

वर्षं गेली. माझ्या काळ्या तोंडावर पांढरे केस आले. अशात एक दिवस बाबांची थोरली बहीण राहायला आली.

बारकीची ती आत्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि एकटीला घरी जमेना, म्हणून काही आठवड्यांसाठी भावाकडे आली. हातात काठी, गळ्यात चष्मा, आणि तोंड म्हणजे कात्री. तिला लहानपणापासून दमा होता. कुत्र्यामांजरांच्या केसांनी तो उसळायचा. आणि आमचे केस! दिसतात आखूड, पण गळतात बारा महिने. सोफ्यावर केस, चादरीवर केस, आमटीत केस.

आत्यानं उंबऱ्यातच नाकाला पदर लावला. "हे महाराज इथंच राहणार असतील तर मी परत जाते."

"ताई, असं काय करतेस," बाबा म्हणाले. "त्याला खाली ठेवू. तुझ्या वाऱ्याला उभा राहणार नाही तो."

म्हणजे माझी हकालपट्टी. ज्या घरात मी सावलीसारखा वावरलो, तिथून मला स्टुडिओत उतरवलं. वर घर पुसून काढलं, माझी गादी धुतली, माझ्या वासाची एकही जागा ठेवली नाही. इतका वैताग मला कधी आला नव्हता. एका बाईला श्वास घेता यावा म्हणून सगळं घर कामाला लागलं होतं. पंखे पुसले, पडदे काढले, खिडक्या उघडल्या. तिनं नुसता एक खोकला काढला की आई धावायची. आणि मी? मी इतकी वर्षं भात्यासारखा धापतोय, तर म्हणे काय गोड आवाज!

पण स्वभावाला औषध नसतं. दुपारी आई दवाखान्यात, बारकी शाळेत, बाबा गिऱ्हाइकात असले की मी जिना चढायचो. दोनदा थांबून, एकदा बसून. वर आत्याच्या खोलीचं दार बंद असायचं. मी दाराशी बसायचो. माणूस आत आहे आणि मी बाहेर आहे, हे मला सहन होत नाही. मग ते माणूस माझं तोंडही बघायला तयार नसलं तरी चालेल.

"कोण घोरतंय तिथं?" पहिल्या दिवशी आतून आवाज आला. "महाराज, खाली जा! झोपायचं तर तिकडे झोपा!"

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिनं काठी आपटली. तिसऱ्या दिवशी मी दाराला पंजानं खरवडत होतो, तेव्हा आतली काठी आपटता आपटता थांबली. मग ती दाराजवळ आली असावी, कारण तिचा आवाज अगदी लाकडाला टेकून आला.

"काय रे, तू तर जागा आहेस."

मी पुन्हा खरवडलं.

"जागा आहेस, बसलेला आहेस, आणि हा आवाज चाललाय?" ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "जागेपणी कोण घोरतं?"

मित्रांनो, माझ्या अख्ख्या आयुष्यात हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. मी खरवडायचं थांबवलं. दाराच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती. तीही कान देऊन ऐकत होती. तिचा श्वासही जरा शिट्टी वाजल्यासारखा चालला होता. माझी घरघर, तिची शिट्टी.

रात्रीच्या जेवणाला तिनं विषय काढला. मला हे ठाऊक आहे, कारण जिन्याच्या वळणावर बसलं की वरचं सगळं ऐकू येतं.

"तुझा कुत्रा आजारी आहे."

"घोरोबा? छे गं! पग असेच असतात. ते त्यांचं नॉर्मल आहे."

"श्वास न येणं कोणाचंच नॉर्मल नसतं."

"ताई, आम्ही दाखवलंय त्याला. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा. बाकी ठणठणीत."

"डॉक्टरांनी त्याला जिना चढताना बघितलंय?"

बाबा हसले. आईनंही समजुतीच्या सुरात सांगितलं की अहो, तुम्हांला सवय नाही ना त्याची. मग काठी बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"माझंही तुम्ही असंच म्हणायचात," आत्या म्हणाली. "शाळेत न जाण्याची थेरं. तू तर पाहुण्यांसमोर माझी नक्कल करून दाखवायचास. सगळे हसायचे. मला हसायलासुद्धा श्वास नसायचा, म्हणून मी गप्प बसायचे. तुम्हांला वाटायचं, सोंग पकडलं गेलं."

"जुनं काय उकरून काढतेस, ताई."

"जुनं नाहीये. रोज दुपारी माझ्या दाराशी येऊन बसतंय."

विषय तिथेच संपला. म्हणजे संपवला गेला. बाबा मनानं वाईट नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. पण ज्या गोष्टीला माणूस वर्षानुवर्षं हसला, ती गोष्ट हसण्यासारखी नव्हती हे मान्य करायला त्याला फार जड जातं. मला त्या रात्री भयंकर राग आला. एक माणूस मिळालं, ज्याला माझं दुखणं कळलं, तर तेच नेमकं असं की मी जवळ गेलो तर त्याचाच जीव घाबरा व्हायचा. आणि ज्यांच्या मांडीवर मी बसू शकत होतो, त्यांच्या कानांना बूच बसलेलं.

पुढे जे झालं ते ऐन उन्हाळ्यात झालं. थंडीच्या कपड्यांच्या जाहिराती उन्हाळ्यातच काढून ठेवाव्या लागतात. लहान मुलांच्या लोकरी कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई स्टुडिओत आल्या. त्यांना मुलांसोबत मी हवा होतो, आणि माझ्याही अंगावर स्वेटर, कानटोपी आणि गळपट्टा हवा होता. बाबांनी मागे पांढरा पडदा लावला, जमिनीवर कापूस पिंजून बर्फ केला आणि मोठे दिवे पेटवले. कापूस उडतो म्हणून पंखा बंद केला. खिडक्याही बंद.

"घोरोबा, जागेवर!"

मी बसलो. काम म्हटलं की मी ना म्हणत नाही. दिवे अंगावर तापत होते. आम्हांला माणसांसारखा घाम येत नाही. तोंडानं धापून आतली उष्णता बाहेर टाकायची, एवढाच आमचा उपाय, आणि तोच माझ्याकडे धड नव्हता. मी जीभ लांब काढली. आवाज वाढला.

"अय्या, किती गोड धापतोय!" दुकानाच्या बाई म्हणाल्या. "हाच घ्या, हाच!"

खटॅक. खटॅक. बारकी बाजूला उभी होती. "बाबा, त्याची जीभ जांभळी दिसतेय," ती म्हणाली.

"दिव्यामुळे तशी दिसते. एक शेवटचा. घोरोबा, इकडे बघ!"

मला बघायचं होतं. पण बाबा लांब लांब जायला लागले. पाय माझे राहिले नाहीत. मी कापसाच्या बर्फात कुशीवर पडलो, आणि माझ्या घशातला जन्मापासूनचा तो आवाज थांबला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. "मेल्याचं सोंगसुद्धा करतो का हा!"

त्याच वेळी वर काठी पडल्याचा आवाज झाला.

पुढचं मला बारकीनं आपल्या मैत्रिणींना सांगितलं त्यावरून समजलं. आत्या वर पुस्तक वाचत होती. खालून येणारा माझा आवाज थांबला तशी ती उठली. ज्याला दमा असतो त्याला हे कळतं, की आवाज असतो तोवर हवा कशीबशी जात असते. आवाज थांबला की पळायचं. तिला पळता कुठलं येणार? ती पहिल्या पायरीवर बसली आणि बसूनच एकेक पायरी घसरत खाली आली.

"बाजूला व्हा! दिवे घालव आधी. पंखा लाव!"

"ताई, बर्फ उडेल—"

"उडू दे तुझा बर्फ! कात्री कुठाय?"

तिनं माझ्या गळ्यापासून पोटापर्यंत स्वेटर कापून काढला. "अहो, तो नमुन्याचा आहे!" असं बाई ओरडल्या म्हणे. आत्यानं माझी मान सरळ केली, जबडा उघडला, जीभ धरून पुढे ओढली. बारकीला पाणी आणायला लावलं आणि माझ्या पोटावर, पंजांवर ओतलं. पंख्याच्या वाऱ्यानं कापूस खोलीभर भिरभिरत होता. तिच्या केसांत, तिच्या ओठांवर, आणि माझे केस तिच्या हातांना चिकटलेले. जी बाई माझ्या सावलीला उभी राहत नव्हती, तिनं मला छातीशी धरलं होतं.

मला पहिला श्वास आला तो आठवतो. घुर्रर्र. आणि त्याच्या पाठोपाठ अगदी तसाच दुसरा आवाज आला. मला वाटलं माझाच. तो तिचा होता. तिचा दमा उसळला होता. तिचे ओठ निळे पडले, खांदे वर उचलले गेले, मानेच्या शिरा ताठल्या.

बाबा आमच्या समोर उभे होते. हातात कॅमेरा होता. ते एकदा माझ्याकडे बघत होते आणि एकदा तिच्याकडे. दोघांच्याही छात्या सारख्याच आत ओढल्या जात होत्या, दोघांच्याही घशातून एकच आवाज येत होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नेहमीच बघत आलो आहे, तेच माझं काम. तो चेहरा असा कधी बघितला नव्हता. ते हसायचे विसरले होते.

"बघतोस काय?" आत्यानं एकेक शब्द तोडत म्हटलं. "माझा पंप... वर... बारकीला पाठव. तू... ह्याला उचल."

बारकी जिन्यावरून वाऱ्यासारखी गेली आणि आली. आत्यानं पंप तोंडाला लावला. दुकानाच्या बाई, स्वेटरचं विसरून, तिच्या पाठीवर हात फिरवत बसल्या. आईला फोन गेला, ती रिक्षा करून निघाली. बाबांनी मला ओल्या टॉवेलात गुंडाळून गाडीत घातलं. वाटेत त्यांनी एकही विनोद केला नाही.

जनावरांच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्या बाबांना अनोळखी होत्या. त्यांनी मला थंड केलं, नळीनं प्राणवायू दिला. मी जरा सावरल्यावर बाबांना जवळ बोलावून माझ्या नाकपुड्यांवर दिवा धरला.

"हे बघा. इथं भोक दिसतंय तुम्हांला?"

"नाही. रेघ दिसतेय."

"ह्या रेघेतून तो इतकी वर्षं श्वास घेतोय. शिवाय टाळू घशात लोंबतोय. घोरतो का हा?"

बाबांनी खाली बघितलं. "नावच घोरोबा आहे त्याचं."

"तो घोरत नव्हता," त्या म्हणाल्या. "गुदमरत होता."

त्यांनी माझ्या नाकपुड्या मोठ्या केल्या आणि लोंबणारा टाळू कापला. वय झालं होतं, भूल द्यायची भीती होती, पण मी निभावलो. शुद्धीवर आल्यावर मी श्वास घेतला आणि दचकलो, कारण काही अडलंच नाही. हवा आली तशी आत गेली. आणि हवेबरोबर वास! ओल्या लोखंडाचा, साबणाचा, बाबांच्या खिशातल्या लिमलेटच्या गोळीचा. इतकी वर्षं मी त्या खिशाला नाक लावून बसत होतो आणि आत गोळी असते हे मला माहीतच नव्हतं. म्हातारपणी हे सुख मिळालं. सांगा, आनंद मानू की डोकं आपटून घेऊ?

सगळं बरं झालं असंही नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की हे दहा वर्षांपूर्वी केलं असतं तर हृदयावर आणि घशावर इतका ताण आला नसता. उन्हात मी अजून चालू शकत नाही. पण आता आडवा झोपतो.

आत्याही दोन दिवसांत सावरली. बाबा तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. मी जिन्याच्या वळणावर होतो.

"ताई, मी..." ते म्हणाले.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "तुझा शर्ट बदल आधी. केसच केस आहेत. पुन्हा मला खोकवशील."

ते शर्ट बदलून आले आणि दाराशी जमिनीवर बसले.

गुडघा बरा झाल्यावर ती आपल्या घरी गेली. निघताना मला काचेच्या दाराआडून म्हणाली, "येते महाराज. लांबूनच बरं आपलं."

तुम्हांला वाटेल, आता तरी लोक शहाणे झाले असतील. कुठलं काय! स्टुडिओत गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "अरेरे, हा आता तसा आवाज काढत नाही? मजा गेली." बाबांनी माझं नाव बदलून बघितलं, पण दुसऱ्या कुठल्या हाकेला माझे कान हलतच नाहीत. आजारावरून पडलेलं नाव आजार हटला तरी सुटत नाही. परवा एक जोडपं आलं. माझ्याकडे बघून दोघंही विरघळली. "आम्हांला असाच हवाय. अगदी चपटा. कुठं मिळेल?"

बाबांनी कॅमेरा खाली ठेवला. "घेऊ नका," ते म्हणाले. "आणि घ्यायचाच असेल तर आधी पिल्लाला खोलीभर पळवा, मग शांत बसून त्याचा श्वास ऐका. आवाज आला तर त्या माणसाकडून पुन्हा कधी पिल्लू घेऊ नका. नाक असलेला घ्या हो. नाक असलेलंही गोड दिसतं."

"पण पगला आवाज असतोच ना?" तरुण म्हणाला. "ते नॉर्मल असतं. मी वाचलंय."

बाबा खूप बोलले. माझ्या नाकपुड्या दाखवल्या, टाक्यांच्या खुणा दाखवल्या. ती दोघं माना डोलवत राहिली आणि जाताना दाराशी हळूच एकमेकांना म्हणाली, "इथं नाही मिळणार. दुसरीकडे बघू." मला इतकी चीड आली की मी भुंकलो. मी सहसा भुंकत नाही. तर त्यातली तरुणी मागे वळून म्हणाली, "अय्या, रागावला बघ! किती गोड!"

आता तुम्हीच सांगा, मित्रांनो, मी करू तरी काय? म्हणून तुमच्याकडे आलो आहे. तुम्ही लहान आहात, तुमचे कान अजून उघडे आहेत. घरात कुत्रा असो, मांजर असो, नाहीतर तुमची धाकटी बहीण असो. कोणी जिन्यात थांबलं, खेळताना बसलं, झोपताना दचकलं, तर त्याला आळशी म्हणू नका, सोंगाडं म्हणू नका. आधी जवळ बसा आणि ऐका. हसायचं नंतर बघू. आणि कोणाचा चेहरा गंमतशीर व्हावा म्हणून त्याचा श्वास बंद करू नका. माझ्या पिढीचं जे व्हायचं ते झालं. पुढच्या पिल्लांना तेवढं नाक परत द्या.

संध्याकाळी स्टुडिओ बंद करायच्या आधी आत्याचा फोन येतो. ती बाबांना माझ्या तोंडाशी फोन धरायला लावते आणि माझा श्वास ऐकते. "आज बरा आहे," ती म्हणते, किंवा "आज दमलाय, जिना चढवू नकोस."

मग बाबा म्हणतात, "आणि तुझा?"

"माझा काय? माझं नेहमीचंच."

"ऐकव," बाबा म्हणतात, आणि फोन कानाशी धरून ऐकत उभे राहतात.